कसोटीच्या दगडावरचा चरा

धारूरच्या चाँद शेख यांनी त्या दिवशी ते एक वाक्य का गिळले, या प्रश्नाचे उत्तर प्रस्तुत लेखकाला मिळालेले नाही. तीस वर्षे लेथवर उभे राहून येईल त्या गिऱ्हाइकाला, त्याने विचारले नसले तरी, हत्याराची निगा शिकवणारा हा माणूस नेमका तेव्हाच गप्प बसला.

चाँदभाई अमरसिंहांच्या वर्कशॉपचे मिस्तरी. अमरसिंह हे जमीनजुमला आणि राजकारण यांत मुरलेले गृहस्थ. लोखंडाशी त्यांचा संबंध घराच्या फाटकापुरता. कोणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी संगणकावर चालणारे, फिरत्या कटरने माल कोरून काढणारे मिलिंगचे यंत्र आणून बसवले होते आणि त्यापुढे उभे राहून फोटो काढून घेणे, हीच त्यांची उद्योजकता होती. त्या यंत्राला पहिले खरे काम मिळाले ते चाँदभाईंच्या ओळखीने. वाळूजच्या एका कारखान्याला साच्यांसाठी ग्रॅफाइटचे ठोकळे घडवून हवे होते. ग्रॅफाइटची भुकटी साध्या कटरची धार बघता बघता खाऊन टाकते, म्हणून चाँदभाईंनी हिऱ्याचा लेप दिलेले चार कटर मागवून घेतले.

डबी उघडताच अमरसिंहांचा चेहरा उतरला. आत बोटाएवढी, काजळी धरल्यासारखी काळपट दांडकी होती.

"चाँद्या, हिरा कुठाय बे?"

"ह्योच की, मालक. वरचा थर हिऱ्याचा हाय. केसाहून बारीक."

"हिरा काळा असतोय व्हय? लई शाना झालास! खडा काढून घेतलास का न्हाई, ते सांग."

वर्कशॉपातले सगळे हात थांबले. चाँद मिस्तरीच्या हाताखालून सुईसुद्धा हलत नाही, असा बाजारात लौकिक होता. चाँदभाईंनी आयुष्यात जोडलेले म्हणावे असे तेवढेच होते. ते आता चारचौघांत पणाला लागले, आणि निवाड्यासाठी अमरसिंहांना आठवले कोण, तर राधाकिशन सराफ.

सगळे त्यांच्या पेढीवर गेले. राधाकिशनशेठनी भिंग लावले, कटर उजेडात फिरवला, तराजूतही घालून पाहिला. काहीच उमगले नाही हे झाकण्यासाठी त्यांनी शेवटी त्याची कड कसोटीच्या दगडावर ओढली. आजोबांच्या काळापासून सोन्याची पारख करत आलेल्या त्या दगडावर पांढरा चरा उमटला.

"अरे राम! माझा दगड गेला की हो, साहेब!"

"म्हंजी हिराच हाय?"

"तर काय! त्याच्याबिगर ह्या दगडाला कोण कापील?"

वस्तुतः लेपाखालच्या नुसत्या कार्बाइडनेही, म्हणजे कटर ज्याचा घडलेला असतो त्या कठीण पदार्थानेही, तो दगड असाच चिरला असता. पेढीवर हे ठाऊक असलेला माणूस एकच होता. काहीही सिद्ध न करणाऱ्या पुराव्यावर आपली सुटका झाली, हे चाँदभाईंना मूळच्या आळाहून अधिक झोंबले.

अमरसिंहांनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला. "राग धरायचा न्हाई, चाँदभाई. चला, आता ह्या हिऱ्यानं नांगराचा फाळ कापून दावा. पाटोद्याचे पाव्हणे यायलेत."

हिऱ्याचे लोखंडाशी जमत नाही. कापताना कड तापली की हिऱ्यातला कार्बन लोखंडात विरत जातो आणि लेप नाहीसा होतो. 'लोखंडाला लावू नका, मालक', एवढे म्हटले असते तरी भागले असते.

"जी, मालक," चाँदभाई म्हणाले.

वर्कशॉपात परतून त्यांनी फाळ यंत्रावरच्या व्हाइसच्या पकडीत घट्ट आवळला, पाहुण्यांना अदबीने मागे सरकवले आणि बटण दाबले. ठिणग्या उडाल्या तशा टाळ्याही पडल्या. मग यंत्र किंचाळू लागले आणि कटर तुटला. अमरसिंहांनी दुसरा लावायला सांगितला, चाँदभाईंनी लावला. तिसराही लावला. चौथा मोडला तेव्हा फाळावर करंगळीएवढी खाच पडली होती, आणि ग्रॅफाइटचे ठोकळे कोपऱ्यात जसेच्या तसे होते.

"डुप्लिकेट माल हाय!" अमरसिंह पाहुण्यांकडे वळून म्हणाले.

चाँदभाईंनी हात पुसले आणि वर्कशॉपची किल्ली त्यांच्यापुढे ठेवली. "राधाकिशनशेठला इचारा, मालक. त्यांनी तर पास केलता."

ऑगस्ट २०२३पासून चाँद शेख वाळूजच्या त्याच कारखान्यात ग्रॅफाइटच्या विभागात कामाला आहेत.