न उमटलेला अंगठा

न्हाणीघरातून बाहेर आलेल्या बायकोची ओली पावलं लादीवर उमटली होती. उजव्या पावलाचा अंगठा मात्र उमटलाच नव्हता. दुखऱ्या सांध्यावर भार नको म्हणून ती पावलाच्या कडेवर चालते, हे मला आज दिसलं.

काल डॉक्टर तिला समजावत होते, "सांधा कायमचा जोडून टाकला तर दुखणं जाईल, पण अंगठा तिथे वाकणार नाही. धातूचा सांधा बसवला तर वाकेल, पण पुढेमागे सैल होऊ शकतो. तुम्हाला काय हवंय?"

ती तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो, "वाकायलाच हवा. हिला उकिडवं बसून लादी पुसावी लागते."

लागते! मॉपने कोपरे निघत नाहीत, हा हट्ट माझाच.

ती हळूच म्हणाली, "मला दुखायला नको, एवढंच."

इतकी वर्षं एका घरात राहिल्यावर माणसाला दुसऱ्याचं दुखणं न सांगता कळतं म्हणे. मी मेला फक्त लादीच बघत आलो.

मी फडकं घेऊन त्या ठशांपाशी उकिडवा बसलो. सगळा भार अंगठ्यांवर आला.

मागून ती म्हणाली, "अहो, राहू द्या. मी पुसते."