डोळे मिटून ऐकणारे साहेब

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो नेवाशाच्या कोर्टातल्या न्यायाधीशांचा. साक्ष चालू असताना ते डोळे मिटून ऐकत. वकिलांना वाटे, साहेब झोपले. बाहत्तर साली मी तिथे हंगामी कारकून होतो, घराण्यातला पहिला बी.ए.

मारहाणीच्या खटल्यात एक म्हातारी म्हणाली, "माझ्या लेकानं शेजाऱ्याला हाणलं न्हाई, नुस्तं ढकाललं." मी शुद्ध करून लिहिलं, 'लोटले.' वाचून दाखवताच ती कडाडली, "लोटायला त्यो काय कचरा हुता व्हय?"

तिचे वकील म्हणाले, "साहेब, हा कारकून काढाच."

साहेबांनी डोळे उघडले. "पदवी याची, साक्ष आजींची. काढायचं ते 'लोटले' काढा."

त्यांची बदली झाल्यावर मी पत्र धाडलं, शुद्ध न करता, घरच्या बोलीत: "साहेब, नोकरी कायम झाली. तुमी गेल्यापून कोर्टात लई सुनं वाटतं."