थेडाबाईंच्या खिडक्यांची नोंद

थेडा रेमर्स यांना घर सोडायची नोटीस आली ती बुरशीपायी. झोपायच्या खोलीच्या पश्चिमेकडच्या कोपऱ्यात ताटाएवढा काळा डाग, एवढंच निमित्त. घरकंपनीचं म्हणणं थोडक्यात असं, की भाडेकरू खिडक्या उघडत नाही, दमट हवा कोंडते, भिंत सडते, दोनदा ताकीद दिली, सुधारणा नाही, सबब घर खाली करावं. एकतीस वर्षं त्याच घरात राहिलेल्या बाईला हे पत्र.

ब्रेमेनच्या या आमच्या ग्रोपेलिंगेन भागात भाडेकरूंच्या वतीने भांडण्यात माझी बावीस वर्षं गेली. कायदा मी कॉलेजात नाही शिकले, अशाच पत्रांवरून शिकले. त्या जोरावर सांगते, आम्हा जर्मनांत एखाद्याला चोर म्हणा, तो वकील गाठेल. पण "तुम्ही घरात हवा खेळवत नाही" असं म्हणा, तो रात्रभर झोपणार नाही. दिवसातून तीनदा, दहा दहा मिनिटं, सगळ्या खिडक्या सताड उघड्या, मग बाहेर बर्फ का पडेना. भाडेकरारातच लिहिलेलं असतं. थेडाबाई तर त्यासाठी घड्याळ लावणाऱ्या.

पण हे सिद्ध कसं करणार? उघडून बंद केलेली खिडकी मागे काही ठेवत नाही.

थेडाबाईंनी चाळीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये काढली होती. आलेली गाडी, गेलेली गाडी, वेळ, सही. पहिल्या ताकिदीचं पत्र आलं तेव्हा त्या अडुसष्टच्या होत्या, आणि चर्चच्या हॉलमध्ये शनिवारी जुन्या वस्तू दुरुस्त करायला मंडळी जमतात तिथे जाऊन सोल्डरिंग शिकत होत्या. पत्र वाचून त्या मला म्हणाल्या, "गेसीना, खिडक्यांनाच बोलतं करते."

आणि केलं. पाच खिडक्यांना पाच चुंबकं आणि काडेपेटीएवढ्या पाच डब्या. खिडकी उघडली की डबी कळवते, आणि त्या खोलीचा हीटर आपोआप बंद होतो. प्रत्येक खोलीत ओल मोजणारी आणखी एक डबी. या सगळ्यांचं ऐकून लिहून घेणारा पत्त्यांच्या जोडाएवढा छोटा कॉम्प्युटर. तो आधी त्यांनी बिस्किटांच्या सुंदर निळ्या पत्र्याच्या डब्यात ठेवला होता, आणि दोन दिवस एकही डबी बोलेना. पत्र्यातून वायफाय जात नाही हे लक्षात आल्यावर तो पावाच्या लाकडी पेटीत गेला. पाव तेव्हापासून उघड्यावर.

हवेतली ओल साठ टक्क्यांवर गेली की स्वयंपाकघरातला दिवा लाल व्हायचा. इथूनच खरी घरघर लागली. त्या दिव्याने बाईंचा ताबाच घेतला. आधी बटाटे उकडणं बंद झालं, कारण वाफ. मग कपडे धुवायला कोपऱ्यावरच्या दुकानात. अंघोळ पोहण्याच्या तलावावर. लेअर गावात बहीण राहते, तिच्याकडे वाढदिवसाला जायचं तेही सोडलं, कारण मागे दिवा लाल झाला तर खिडकी उघडणार कोण? मी गेले की बोलता बोलता त्यांची नजर माझ्या खांद्यावरून दिव्याकडे.

"अहो, माझ्या श्वासानं लाल होईल म्हणून भिताय काय?" मी एकदा चिडूनच विचारलं.

"दोन माणसं बसली की तासात तीन टक्के चढते," त्या म्हणाल्या. चेष्टा करत नव्हत्या.

प्रकरण कोर्टात गेलं. कोर्टाने एक तज्ज्ञ नेमली, केटलर नावाची इंजिनियर. बुधवारी सकाळी दहाला ती घर बघायला येणार होती. कंपनीतर्फे त्यांचा माणूस, ड्रेवेस, हजर राहणार. तज्ज्ञ जे लिहील त्यावर निकाल, हे आम्हा दोघींना पक्कं ठाऊक होतं. बुरशी भाडेकरूची ठरली की घर गेलं. एकाहत्तराव्या वर्षी, आजच्या भाड्यात, या शहरात दुसरं घर? विचारूच नका.

मंगळवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेले. टेबलावर तीन वर्षांच्या नोंदींचा छापील गठ्ठा, महिन्यावार लावलेला. चहा झाला. कपात खडीसाखर, वर साय, ढवळायचं नाही. थेडाबाई मूळच्या किनाऱ्याकडच्या, तीन कप प्यायल्याशिवाय सोडत नाहीत. पण त्या दिवशी त्यांचा स्वतःचा पहिलाच कप तसाच गार झाला होता.

"हे अकरा दिवस तुझे," त्यांनी फेब्रुवारीचे कागद पुढे सरकवले. "माझ्या खुब्याचं ऑपरेशन. इथे तुझी सही लागेल."

"माझी कशाला?"

"खिडक्या तू उघडल्यास ना! मी म्हटलं होतं दिवसातून एकदा उघड, तर तू रोज तीनदा. सकाळी सहा दहाला, दुपारी एकला, संध्याकाळी सातला. एक दिवस चुकवला नाहीस. मी तुला धड थँक्यूसुद्धा म्हटलं नाही, गेसीना. तशी तू तोंडाची फाटकी, पण माणूस…"

मी कप खाली ठेवला.

खरं सांगायचं तर त्या फेब्रुवारीत हाफेनश्ट्रासेवरच्या चौदा बिऱ्हाडांचा हीटर कंपनीने बंद पाडला होता आणि मी तिथे ठाण मांडून बसले होते. थेडाबाईंची किल्ली माझ्या खिशात होती. अकरा दिवसांत मी दोनदा आले. दारातूनच टपाल टेबलावर टाकलं आणि पळाले. खिडकीला हातही लावला नाही. सकाळी सहा दहाला तर मला कोणी उठलेलं पाहिलेलं नाही.

"थेडाबाई," मी म्हटलं, "मी नाही उघडल्या."

"म्हणजे?"

"एकदाही नाही."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. गठ्ठ्यातून त्याआधीचा आठवडा काढला आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. सहा दहा, सहा दहा. एक वाजून दोन मिनिटं, एक वाजून दोन मिनिटं. मिनिटाचाही फरक नाही. बोट खाली खाली सरकत गेलं आणि थांबलं.

"चोरांसाठी," त्या पुटपुटल्या.

"कसले चोर?"

"हॉस्पिटलात जाण्याआधी मी पेटीतल्या त्या कॉम्प्युटरला शिकवून गेले होते. मागच्या आठवड्यात जे जे झालं ते जसंच्या तसं पुन्हा कर. दिवे लाव, दिवे घालव, खिडकीबाहेरचं मोटारीचं शटर वर, शटर खाली. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं बाई घरातच आहे. मी 'सगळं' म्हटलं, गेसीना. दिवे आणि शटर म्हणायला हवं होतं. खिडकीला मोटार नाही, ती कशी उघडेल? उघडली नाहीच. पण यानं उघडली म्हणून लिहून ठेवलं."

तीन वर्षांच्या गठ्ठ्यात अकरा दिवस खोटे. ड्रेवेसला एवढंच पुरे होतं. अकरा खोटे म्हणजे हजार खोटे.

माझं डोकं अशा वेळी फार वेगानं चालतं, आणि नेहमी सरळ चालतंच असं नाही. "आणा इकडे," मी म्हटलं. "मी सही करते. मी उघडल्या. मला कोण विचारणार?"

"कोर्ट विचारेल."

"विचारू दे! ही कंपनी चौदा बिऱ्हाडं थंडीत काकडवते, आणि आपण एका सहीला घाबरायचं?"

"नाही."

"मग ते दिवस काढूनच टाका. मशीन बंद होतं म्हणा. तुम्ही हॉस्पिटलात होतात, कोणाला काय कळतंय?"

"गेसीना," त्यांचा आवाज अचानक केबिनमधला झाला, "आमच्याकडे नोंद चुकली तर वरून एक रेघ मारायची, शेजारी खरं लिहायचं, सही करायची. पान फाडलं तर नोकरी जायची. गाडी चुकली म्हणून नाही, पान फाडलं म्हणून."

"इथे नोकरी नाही जाणार, बाई. घर जाणार आहे."

"ते मला कळत नाही असं वाटतं तुला?"

त्यांनी लाल पेन घेतलं. अकरा पानांवर अकरा रेघा. प्रत्येकीच्या शेजारी: 'नोंद चुकीची. खिडक्या बंद. घरात कोणी नाही. थ. रेमर्स.' शेवटच्या पानावर अक्षर इतकं वाकडं आलं होतं की मी तोंड फिरवलं. जाताना दारात म्हणाल्या, "उद्या तुला सांगावं लागेल, तू आली नव्हतीस म्हणून." त्या आवाजात राग असता तर बरं वाटलं असतं.

बुधवारी दहाला दोन मिनिटं कमी असताना बेल वाजली. केटलरबाई उंच, करड्या कोटातली. तिनं चहा नाकारला, कोर्टाच्या माणसाला तो घेता येत नाही म्हणून. मला ठाऊक होतं, पण थेडाबाईंचा चेहरा तिथेच पडला. घरात येऊन चहा न घेणारं माणूस चांगली बातमी आणत नाही असं त्यांच्याकडे धरतात. ड्रेवेसनं बुटांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या आणि खिडक्यांवरच्या डब्या बघून हसला.

"आजींनी घरात रेल्वे स्टेशनच उघडलंय की."

"मी तुमची आजी नाही," थेडाबाई म्हणाल्या. "रेमर्सबाई म्हणा."

केटलरबाईनं भिंतीत दोन सुयांचं यंत्र टोचलं, कॅमेऱ्यानं कोपरा पाहिला, मान हलवली नाही, हं म्हटलं नाही. मग टेबलाशी बसून गठ्ठा उलटायला लागली. लाल रेघांपाशी थांबली.

"हे काय?"

थेडाबाईंनी सगळं सांगितलं. चोर, शटर, 'सगळं' हा शब्द. त्या शाळेत धडा म्हणून दाखवावा तशा उभ्या होत्या.

ड्रेवेस टाळी वाजवायचाच बाकी होता. "म्हणजे यंत्र वाटेल ते लिहितं! आम्ही हेच तर म्हणतोय."

"यंत्र नाही," थेडाबाई म्हणाल्या. "चूक माझी."

"आणि त्या दिवसांत खिडक्या कोणी उघडल्या?" केटलरबाईनं विचारलं.

"कोणीच नाही," मी म्हटलं. कान गरम झाले. "किल्ली माझ्याकडे होती. दोनदा आले, दारात टपाल टाकून गेले."

"शपथेवर सांगाल?"

"सांगेन."

"अकरा दिवस बंद खिडक्या!" ड्रेवेस म्हणाला. "लिहून घ्या, मॅडम. त्यांच्याच माणसाच्या तोंडून आलंय."

"घेतलं," केटलरबाई म्हणाली, आणि पान उलटायची थांबली. "ओलीचे आकडे? तेही मागच्या आठवड्याचे?"

"नाही, नाही. त्या डब्या वेगळ्या. त्या जे मोजतात तेच लिहितात. ते मी खोडलेले नाहीत."

केटलरबाईनं चारही खोल्यांचे ते कागद ओळीनं मांडले. बराच वेळ पेन्सिलीचं टोक एका ओळीवरून फिरत राहिलं. मग तिनं विचारलं, "बाहेर पाऊस कधी होता?"

"दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी," थेडाबाई म्हणाल्या. "हॉस्पिटलच्या काचेवर झोडपत होता. पश्चिमेकडून."

"तुमची आठवण नको. हवामान खात्याकडून मागवीन. या अकरा पानांची प्रत मिळेल?"

बस. एवढंच. ड्रेवेसनं पिशव्या काढून खिशात कोंबल्या आणि जाता जाता मला म्हणाला, "मदतीबद्दल आभार." मी त्याला जिन्यात काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

पुढच्या पाच आठवड्यांत थेडाबाईंनी सामान भरायची खोकी आणून ठेवली. भरली नाहीत, नुसती आणली. मी रोज जायचे. बोलणं थोडंच. एक दिवस मला म्हणाल्या, "तू सही केली असतीस तर मी आज झोपले तरी असते." दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "नसतेच झोपले." बहिणीचा फोन यायचा तो उचलायच्या नाहीत.

अहवाल एका गुरुवारी आला. पाकीट त्यांनी माझ्या हातात दिलं. सतरा पानं. बाराव्या पानावर ते होतं. अकरा दिवस घरात श्वास घ्यायला, अंघोळ करायला, स्वयंपाक करायला कोणी नव्हतं, खिडक्या बंद होत्या, याला साक्ष आहे. तरी पश्चिमेकडून पाऊस झाल्यानंतर झोपायच्या खोलीतली ओल अठ्ठावन्नवरून शहाऐंशीवर गेली. बाकी तीन खोल्यांत काही हललं नाही. म्हणजे पाणी राहणाऱ्या माणसाचं नाही, बाहेरून येतं. सुयांचं मापही तेच सांगतं. भिंतीआडच्या पावसाच्या पाइपाचा सांधा तपासावा. कारण इमारतीत आहे. भाडेकरूकडे नाही.

मी वाचलं. थेडाबाई म्हणाल्या, "पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं.

"ती पानं," त्या म्हणाल्या.

"हो."

"जी तू काढून टाक म्हणालीस."

"हो, म्हणाले," मी म्हटलं. बावीस वर्षांत एवढं छोटं उत्तर मी कोणाला दिलं नसेल. त्यांनी मुठीनं टेबलावर एकदा हलकेच मारलं आणि रडायला लागल्या.

नोटीस मागे घेतली गेली. मे महिन्यात कंपनीनं पश्चिमेच्या भिंतीला परांची बांधली. भिंत फोडून पाइप काढायचा तर धूळ उडणार, म्हणून कामगारांनी त्या बाजूच्या सगळ्या खिडक्या बाहेरून जाड प्लास्टिकनं चिकटवून बंद केल्या. बारा दिवसांसाठी.

पहिल्याच सकाळी साडेसातला माझा फोन वाजला.

"गेसीना, बासष्ट झाली! उघडताच येत नाहीये. ये लवकर, आणि येताना लिहायला काहीतरी घेऊन ये. बंद त्यांनी केल्यात, मी नाही. तू साक्षीदार."

"येते, येते. आधी ते बटाटे तरी उकडा, बाई."

"बटाटे?" त्या ओरडल्या. "आज? डोकं फिरलंय का तुझं?"

मी बूट घातले. या वेळी मात्र मी खरंच गेले, आणि बाराही दिवस गेले.