अर्जदाराच्या सहीविना

दर नोव्हेंबरात माझे वडील जिवंत असल्याची सरकारला खात्री हवी असे. नव्वदीला टेकलेल्या माणसाने शहराच्या टोकाला असलेल्या जगतपुऱ्याहून थेट मध्यवस्तीतल्या, सी-स्कीममधल्या बँकेत जायचे, बाकावर तिष्ठत बसायचे आणि कोणा बाबूने मान वर करून हयातीचा दाखला द्यायचा. एका वर्षी ऑटोतून उतरताना त्यांचा गुडघा धरला आणि त्यांना सावरताना माझी कंबर. हा अन्याय पुन्हा होऊ द्यायचा नाही, असे मी तिथेच ठरवले.

अशक्त पेन्शनरची पडताळणी अधिकाऱ्याने घरी जाऊन करावी, असा नियम होता. तो उद्धृत करून मी शाखाधिकाऱ्यांना पत्र लिहिले. उत्तर आले नाही. मग स्मरणपत्र, मग वरिष्ठांकडे तक्रार. ‘विनंती’ हा शब्द मी एकाही पत्रात येऊ दिला नाही.

"एवढ्या वेळात बाबांना चारदा बँकेत नेऊन आणलं असतं," पत्नी म्हणाली.

मुद्दा तो नव्हता.

पुढच्या नोव्हेंबरात एक तरुण अधिकारी घरी आला, सही घेतली, चहा घेऊन गेला. बाबा बंद गळ्याचा कोट घालून, गुळगुळीत दाढी करून बसले होते. दुपारी जेवतानाही कोट अंगातच होता.

"आता बँकेत जायला नको," मी म्हणालो.

"अर्ज कोणाचा होता?"

"तुमच्या वतीने मी केला."

"अर्जदाराची सही?" सारी नोकरी त्यांनी हिशेबतपासणीत काढली होती. "त्या बाकावर माझ्या जुन्या ऑफिसचे दोघे भेटतात. वर्षातून एकदाच. मी दिसलो नाही म्हणजे ते काय समजायचं ते समजतील. त्यांनाही एक पत्र टाक, वडील हयात आहेत म्हणून."

मी विलक्षण संतापलो. पण त्या संतापाला या वेळी पत्ता सापडेना. बाबांसाठी मी सगळ्यांना लिहिले होते, बाबांना मात्र विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही ऑटोने सी-स्कीमला गेलो. बाकावर दोघांपैकी एकच होते.

"आ गए साहब? हम तो समझे, निकल लिए."

"कैसे निकलता? बेटे ने नियम दिखाकर रोक रखा है."

दोघे मनमुराद हसले. तिसऱ्याची चौकशी बाबांनी केली नाही. त्या गृहस्थांनीही काही सांगितले नाही. मधली जागा दोघांनी तशीच ठेवली होती.

खिडकीतल्या मुलीने बाबांकडे आणि माझ्याकडे पाहून विचारले, "बाबूजी, आप दोनों में से पेंशनर कौन हैं?"

मी त्याच वर्षी निवृत्त झालो होतो. मलाही माझा पहिला दाखला घ्यायचा होता, आणि उभे राहून कंबर ठणकू लागली होती.

"दोनों," बाबा म्हणाले आणि सरकून त्यांनी ती मधली जागा मला दिली. "बस. इथे वेळ लागतो."