बादलीतलं फिल्टरचं पाणी

मॅडमनी माझ्या हातातली बाटली काढून घेतली आणि सिंकमध्ये उपडी केली. नुकतीच भरली होती, फिल्टरच्या नळाखाली.

"अहो मावशी, ही काय पाणपोई आहे? तुमच्यासाठी बादलीत ठेवलंय ना? तेही फिल्टरचंच आहे."

ओट्याखाली निळी बादली होती. फिल्टरमधून निघालेली एक बारीक नळी तिच्यात सोडलेली. मी त्यातून बाटली भरली. कामाचा पहिलाच दिवस होता. विश्रांतवाडीतला सातव्या मजल्यावरचा फ्लॅट, दोन वेळचा स्वयंपाक. काम हवं होतं. मान खाली घातली.

त्यांच्या वरणाला, भाताला, चहाला फिल्टरच्या नळाचं पाणी. तेही माझ्याच हाताने. माझ्या घशाला बादलीतलं.

पण खरं सांगते, मनातून मी खूशच होते. मी अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातली. तिथल्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. गावात गोड्या पाण्याची विहीर एकच, ती वरच्या आळीत. तिथे आमच्या घागरीला जागा नव्हती. बाप जन्मभर खारं प्यायला, किडन्या गेल्या, चाळिशीतच मेला. आणि त्याची लेक पुण्यात फिल्टरचं पाणी पिते! रोज दोन बाटल्या भरून घरी न्यायचे. वस्तीत मिरवायचे.

पोरगी म्हणायची, "आई, हे खारट लागतं." मला लागायचं नाही. माझी जीभच खाऱ्यावर वाढलेली. मला ते गावासारखं, आपलं वाटायचं. एकदा शाळेत जाताना तिने बाटली मोरीत ओतली. मी तिच्या थोबाडीत मारली.

"फिल्टरचं पानी हाये! माजली का तू?"

दोन वर्षं असं चाललं.

मग एकदा फिल्टरच्या सर्व्हिसिंगला मेकॅनिक आला. त्याच्याकडे पाण्यातला क्षार मोजायचं पेनासारखं एक मशीन होतं. फिल्टरच्या नळाच्या पाण्यात बुडवलं, दोन आकडी नंबर आला. मी तेव्हा बादलीतून बाटली भरत होते. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि बादलीत पेन बुडवलं. चार आकडी.

"मावशी, हे पिता तुम्ही? अहो, हे फेकायचं पाणी. फिल्टर सगळा क्षार काढून या नळीतून बाहेर टाकतो. लादी पुसा याने."

माझी कानशिलं तापली. पोरीचा लाल झालेला गाल डोळ्यांपुढे आला. स्वतःचीच चीड आली. बादलीतून ग्लास भरला आणि डायनिंग टेबलावर मॅडमपुढे ठेवला.

"मॅडम, एक घोट घ्या."

"काय आहे हे?"

"फिल्टरचंच हाये."

त्यांनी ग्लासला हात लावला नाही. एकदा मेकॅनिककडे बघितलं, मग माझ्याकडे.

"एवढं काय आकाश कोसळलं? तुमच्या गावाला याहून खारं पिता, तुम्हीच सांगितलं होतंत. सवय आहे तुम्हाला."

हो, मीच सांगितलं होतं. बापाचं मरण मी या बाईला विश्वासाने सांगितलं होतं. तिने त्यातून एवढंच घेतलं.

"सवय नव्हती, मॅडम. दुसरं पानी भरू देत नव्हते आमाले."

परातीत कणीक अर्धी मळलेली होती. हात धुतले, पिशवी घेतली, चपला घातल्या. त्या मागून म्हणत होत्या, "अहो, पोळ्या तरी करून जा." मी लिफ्टचीही वाट पाहिली नाही.

घरी पोरीची माफी मागितली. तिने घरातली भरलेली बाटली मोरीत ओतली.

आमच्या गल्लीतल्या घरकामवाल्या बायांना विचारलं. चौघींच्या कामाच्या घरी अशीच बादली निघाली. कुणाची लाल, कुणाची पिवळी. दोघी माझ्यावरच उखडल्या, "काम घालवशील आमचं." मी तरी सांगत राहिले. अजून सांगते.

आता नव्या घरी गेले की पगाराच्या आधी पाण्याचं बोलते. तुम्ही पिता तेच मी पिणार. काही दारं तिथेच लागतात. लागू देत. ज्या घरात माझं पाणी वेगळं, त्या घरात माझ्या हातचं अन्न शिजणार नाही.