बाहुल्याचा भाऊ

जळगावच्या एका दवाखान्यात मी औषधांचं भांडार सांभाळतो आणि गणपतीत नाटकं करतो. म्हणून अपघात विभागात उपचारांचा सराव असला की मॅडम डॉक्टर मलाच बोलावतात. खाट रोजचीच, सिस्टर रोजच्याच, फक्त पेशंट रबराचा. मी त्या रबराचा भाऊ.

या वेळी माझ्या पोटात एक गुपित ठेवलं होतं. भावाला रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. पण कोणी विचारलं तरच सांगायचं, अशी मॅडमची अट.

मी असा हंबरडा फोडला की पलीकडच्या खाटेवरचा खरा पेशंटही दचकला. तेवढ्यात आमचा वॉचमन हात पसरून आला. एका पेशंटमागे जीपभर माणसं यायची ही आमच्या खानदेशातली रीत आणि ती झाडून बाहेर काढायची ही त्याची कला.

"चला, बठ्ठा बाहेर!"

"अरे, मी नाटकातला आहे!"

"मग नाटकातले बी बाहेर, नाना!"

दार बंद. मी ते जीव तोडून बडवलं, रडलो. बाकड्यावर एरंडोलकडची एक म्हातारी अक्का बसली होती. तिनं सरकून जागा दिली, पाण्याची बाटली हातात ठेवली.

"भाऊ, रडू नको. तुना कोन शे मझार?"

"भाऊ," मी म्हणालो. आत आहे तो रबराचा, हे सांगायला जीभच वळेना.

"मना मालक शे. पाय पिकना, तापमा बरळी ऱ्हायनात." मग हळूच म्हणाली, "मांगे अशीच जखम व्हती, तवय सुई दिधी तं दम कोंडाई गया. आते बी तीच देतीन का रे?"

"आत सांगितलं का?"

"कोनले सांगू? कोनी इचारंच नही."

मी ताडकन उठून पुन्हा दार बडवलं. वॉचमननं फट उघडली.

"नाना, पुरे. तुमचा भाऊ मेला. आत त्याच्यावरच बोलणं चाललंय."

"अरे, खरं सांगतोय! खऱ्या पेशंटचं आहे!"

"वा! हे तर पहिल्यापेक्षा भारी!"

मी जितका ओरडलो तितका तो खूश. उभा जन्म आवाज कमावण्यात घालवला आणि आज तोच आडवा आला. शेवटी मी तो नाटकी आवाजच टाकून दिला. किराणा दुकानात साखर मागावी तसं म्हणालो, "पायाच्या जखमेवाल्यांना सुई देऊ नका. त्यांची बायको इथे बसलीय. तिला विचारा."

त्याचं हसू मावळलं. तो आत पळाला.

मॅडम बाहेर आल्या, अक्कासमोर उकिडव्या बसल्या आणि विचारू लागल्या. उघड्या दारातून मला सिस्टरचा ट्रे दिसत होता. सिरिंज भरून तयार होती. मॅडमनी ती बाजूला ठेवायला लावली, दुसरं औषध सुरू केलं आणि अक्काला खाटेजवळ स्टूल दिलं. म्हाताऱ्याचा ताप अजून उतरला नव्हता, पण श्वास नीट चालला होता.

मी निघालो, तर अक्कानं आतून हाक मारली.

"भाऊ, तुना भाऊ बचना का?"

कोपऱ्यात माझा भाऊ पडला होता. गोळ्यांचं शेवटपर्यंत कोणी विचारलं नव्हतं. एक सिस्टर स्पिरिटनं त्याचं तोंड पुसत होती.

"बचना, अक्का," मी म्हणालो.

इतकं कच्चं काम मी रंगमंचावर कधी केलं नव्हतं. तिनं मात्र देवाला म्हणून दोन्ही हात जोडून कपाळाला लावले.