शीपचं अनेकवचन

घाटनांदूरहून अंबाजोगाईला जाणाऱ्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. खांद्यावर घोंगडी, आणि खिडकीशी त्याची दहा-अकरा वर्षांची मुलगी. निवासी शाळेच्या प्रवेशपरीक्षेला निघाले होते. पास झाली तर ती तिकडंच राहणार, घरी धाकटा भाऊ तेवढा उरणार.

त्याच्या मांडीवर इंग्रजीचं पुस्तक होतं. उत्तरांच्या रकान्यावर त्यानं रुंद तळवा झाकणासारखा ठेवला होता. मुलगी एकवचन वाचून अनेकवचन सांगायची, मग तो हात उचलायचा आणि बरोबर की चूक ते तीच बघायची.

"इंग्रजी येतं तुम्हाला?" मी विचारलं.

"न्हाई. पण अडकली की कळतंय."

'शीप'ला ती अडकली. मग म्हणाली, "एक मेंढरू बी शीप, अन् सगळा कळप बी शीपच."

"असं कावून?" त्यानं मला विचारलं.

तसा नियमच आहे, असं सांगून मी सुटलो. त्याला ते पटलं नाही.

"मेंढरं राखणाऱ्यानं न्हाई केली ही भाषा. दोनातलं एक हरवलं, तर बोलण्यात कळायचं कसं?"

मुलगी हसली आणि पुढचा शब्द वाचला. "चाइल्ड. चिल्ड्रन."

"म्हंजी?"

"लेकरू. लेकरं."

त्यानं लेकीकडं बघितलं.

"ह्याचं बरं हाय," तो म्हणाला. "दोनातलं एक गेलं की कळतंय."

मग त्यानं हात उचलला. मुलीनं पुस्तकाकडं बघितलंच नाही.